एक मूठ तांदूळ, रोज दोन वेळा: मिझोरमच्या स्वयंपाकघरांतून चर्चच्या कामासाठी पैसा कसा उभा राहतो?

सकाळी कुकर लावायच्या आधी तांदूळ मोजून घेतले. त्यातून एक मूठ काढली आणि बाजूच्या डब्यात टाकली. मग उरलेले तांदूळ धुऊन शिजायला ठेवले. संध्याकाळी पुन्हा तेच.

मिझोरममधल्या असंख्य घरांमध्ये ही कृती शंभर वर्षांहून जास्त काळ रोज होत आली आहे. मिझो भाषेत तिला 'बुहफाई थम' म्हणतात. 'बुहफाई' म्हणजे तांदूळ आणि 'थम' म्हणजे मूठ. डब्यात साठलेले तांदूळ चर्चला दिले जातात, तिथे ते विकले जातात आणि त्या पैशातून चर्चचं मिशनकाम चालतं.

धर्मादाय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठा चेक, कोनशिलेवरचं नाव किंवा क्यूआर कोड येतो. इथे यातलं काहीच नाही, तरीही ही प्रथा टिकली. ती कशी टिकली? 'आनंदाने द्या' या ख्रिस्ती शिकवणीशी तिचा संबंध काय? आणि हा आनंद नेमका कोणाच्या वाट्याला येतो? समजून घेऊया.

नेमकं काय करतात?

पद्धत अगदी सोपी आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरातली शिजवणारी व्यक्ती मोजलेल्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते. ही व्यक्ती बहुतेक वेळा घरातली बाई असते. मिझो घरात भात हेच मुख्य अन्न आहे आणि तो दिवसातून किमान दोनदा शिजतो. त्यामुळे मूठही दोनदा निघते.

ठरलेल्या दिवशी मंडळीतल्या बायका किंवा मुली घरोघरी जाऊन हे तांदूळ गोळा करतात. सगळे तांदूळ चर्चमध्ये एकत्र होतात आणि मग विकले जातात. अनेकदा विकत घेणारेही त्याच मंडळीतले असतात. आलेला पैसा हिशेबात जमा होतो.

यातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मूठ काढायची ती तांदूळ शिजण्याच्या आधी. जेवून उरलं तर द्यायचं, असा हा प्रकार नाही. पगार झाल्यावर एसआयपी आधी कापली जाते आणि खर्च उरलेल्यातून होतो, तसंच काहीसं. फरक इतकाच, की इथे कापलेला हिस्सा स्वतःकडे परत येत नाही.

हे कधी सुरू झालं?

आजचं मिझोरम तेव्हा 'लुशाई हिल्स' म्हणून ओळखलं जाई. ११ जानेवारी १८९४ रोजी जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन मिशनरी तिथे पोहोचले. १८९७ मध्ये वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनचे डी. ई. जोन्स आले. त्यानंतर काही दशकांत जवळपास सगळा समाज ख्रिस्ती झाला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १० लाख ९७ हजार आहे आणि त्यातले ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत.

बुहफाई थमची सुरुवात १९१० ची. तेव्हा डोंगरउतारावर झूम शेती करणाऱ्या कुटुंबांकडे रोख पैसा नसल्यातच जमा होता. घरात होता तो तांदूळ. त्यामुळे चर्चच्या कामासाठी, विशेषतः गावोगाव फिरून शिकवणाऱ्या स्त्री प्रचारकांसाठी, तांदळाच्या रूपातच मदत गोळा करण्याचा मार्ग निघाला.

ही वेळ मात्र सोपी नव्हती. मिझोरमच्या जंगलातल्या एका जातीच्या बांबूला साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलं येतात. त्याची फळं खाऊन उंदरांची संख्या प्रचंड वाढते. फळं संपली की उंदीर शेतात घुसतात आणि उभं पीक फस्त करतात. या दुष्काळाला 'माउतम' म्हणतात. असा एक माउतम १९११-१२ मध्ये आला. म्हणजे मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची सवय लागते न लागते तोच मूठभर तांदळाचीच टंचाई झाली. पुढे १९५९ च्या सुमारास आणि २००७ च्या सुमारास पुन्हा माउतम आले. प्रथा या सगळ्यांतून गेली आणि टिकली.

दुसरं वळण १९६६ चं. त्या वर्षी मार्चमध्ये मिझो नॅशनल फ्रंटने सशस्त्र उठाव केला. शांतता करार व्हायला ३० जून १९८६ उजाडला. या अशांत काळात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, परदेशी मिशनरींना तिथून जावं लागलं. चर्च मात्र बंद पडलं नाही. स्वतःचा खर्च स्वतः भागवायची सवय आधीच लागलेली होती आणि त्या सवयीत स्वयंपाकघरातल्या डब्याचा वाटा होता.

एका मुठीत किती तांदूळ मावतात?

इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला हा प्रश्न सुटत नाही. म्हणून फ्लॅटमधल्या डिजिटल काट्यावर मोजून पाहिलं. माझ्या एका मुठीत ४५ ग्रॅम तांदूळ आले. तुमच्या मुठीत थोडे कमी-जास्त येतील. आता पुढचं गणित करू.

• दिवसाला दोन मुठी: ९० ग्रॅम
• वर्षाला: साधारण ३३ किलो
• ५० रुपये किलो धरले तर वर्षाला: साधारण १,६५० रुपये
• दिवसाला: साडेचार रुपये

उदाहरणादाखल अशी एक लाख घरं धरली, तर वर्षाला ३,३०० टन तांदूळ होतो. त्याची किंमत साडेसोळा कोटी रुपये. हा चर्चचा खरा आकडा नाही, फक्त गुणाकार आहे. पण दिवसाचे साडेचार रुपये कुठवर जाऊ शकतात, हे त्यातून कळतं.

आणखी एक गंमत हिशेब करताना सापडली. चौघांच्या घरात एका वेळेला अर्धा किलो तांदूळ शिजत असेल, तर ४५ ग्रॅम म्हणजे ९ टक्के. ख्रिस्ती परंपरेत उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याला 'दशांश' म्हणतात. मूठ काट्यावर मोजून कोणी काढत नाही, तरी ती दशांशाच्या अगदी जवळ जाते.

त्या रात्री आम्ही चौघांसाठी खरोखरच ४५ ग्रॅम कमी तांदूळ शिजवले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. अर्थात आमच्या डब्यात तांदूळ भरपूर होता. ज्या घरात मुळातच मोजून शिजतं, तिथे एक मूठ लक्षात येते. या विषयातला खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

'कारभारी' ही कल्पना काय आहे?

ख्रिस्ती धर्मात दानामागे एक मूळ विचार आहे. माणूस हा आपल्या संपत्तीचा मालक नसून कारभारी आहे. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमॉस' म्हणजे घराचा कारभार पाहणारा. इंग्रजीतल्या 'इकॉनॉमी' या शब्दाचं मूळही तिथेच आहे.

कारभारी या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. वाड्याची किल्ली त्याच्याकडे असते, पण वाडा त्याचा नसतो. तो खर्च करू शकतो, पण हिशेब द्यावा लागतो. पैसा, वेळ, अंगातलं कौशल्य, जमीन हे सगळं सांभाळायला मिळालेलं आहे, असं ही शिकवण सांगते.

त्यामुळे 'मी माझ्यातलं देवाला किती देऊ?' हा प्रश्नच बदलतो. प्रश्न असा होतो, की सांभाळायला दिलेल्यातलं मी स्वतःसाठी किती ठेवू? हे पटणं न पटणं ज्याचं त्याच्यावर आहे. पण मूठ आधी काढण्यामागचा तर्क यातून कळतो.

दहावा हिस्सा द्यायलाच हवा का?

इथे दोन वेगळे प्रवाह आहेत. जुन्या करारात दशांशाचा नियम आहे. धान्य, फळं, गुरं यांचा दहावा भाग बाजूला काढायचा. त्यावर याजकवर्ग, परके, अनाथ आणि विधवा यांचा निर्वाह व्हायचा. म्हणजे त्यात कराचाही भाग होता आणि समाजकल्याणाचाही.

नव्या करारात पौलाच्या पत्रांमध्ये सूर बदलतो. इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन पूर्ण अध्याय, आठवा आणि नववा, वर्गणीवर आहेत. यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी पैसे गोळा होत होते. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी शब्द दिला होता, पण पैसे काही पूर्ण जमले नव्हते. अपार्टमेंटच्या सेक्रेटरीला ही परिस्थिती ओळखीची वाटेल.

पौल काय करतो? तो टक्केवारी ठरवून देत नाही. प्रत्येकाने मनात ठरवावं, कुरकुरत किंवा दडपणाखाली देऊ नये, देवाला आनंदाने देणारा आवडतो, असं तो सांगतो. आनंदी यासाठी तिथे 'हिलारोस' हा ग्रीक शब्द आहे. शिवाय जे जवळ आहे त्यातून द्यावं, जे नाही त्यातून नव्हे, हेही तो स्पष्ट करतो. एकाची सोय आणि दुसऱ्याची ओढाताण व्हावी हा हेतू नाही, समतोल यावा हा आहे, असं त्याचं म्हणणं आहे.

या पत्रातला एक भाग प्रवचनांत फारसा सांगितला जात नाही. पैसे न्यायला पौल एकट्याला पाठवत नाही. तीताबरोबर आणखी दोन भरवशाची माणसं देतो आणि कारणही सांगतो. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, कारभार देवासमोर आणि माणसांसमोरही स्वच्छ दिसावा. आजच्या भाषेत याला ऑडिट म्हणता येईल. म्हणजे आनंदाने देण्याची शिकवण आणि हिशेब दाखवण्याची शिकवण एकाच पत्रात, एकमेकींना लागून आल्या आहेत.

पैसा नसेल तर?

मग वेळ आणि श्रम. मिझोरममध्ये याची मुळं ख्रिस्ती धर्माच्याही आधीची आहेत. स्वतःच्या आधी दुसऱ्याचा विचार करणं, अडचणीत कोणी असेल तर न सांगता धावून जाणं, या मूल्याला मिझो समाजात 'त्लॉमङाइहना' म्हणतात. गावाने एकत्र येऊन केलेल्या श्रमदानाला 'ह्नातलांग' असा शब्द आहे. ख्रिस्ती शिकवण आली ती या जमिनीवर, म्हणूनही ती लवकर रुजली.

१५ जून १९३५ रोजी स्थापन झालेली यंग मिझो असोसिएशन, म्हणजे वायएमए, हे त्याचं आजचं रूप. तिच्या तीन उद्दिष्टांपैकी एक आहे रिकाम्या वेळेचा चांगला उपयोग. कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर वस्तीतले तरुण जाऊन कबर खोदतात. त्याचे पैसे घेतले जात नाहीत. शोकात असलेल्या घरी रात्री सोबतीला लोक बसतात. पैसे देऊन हे काम करून घेता येईल, पण मग ते दान राहणार नाही, असं तिथल्या लोकांना वाटतं.

आपल्याकडे असं काही होतं का?

होतं, आणि फक्त ख्रिस्ती समाजात नव्हे. पोर्तुगीज राजवटीत पणजीत १९०८ मध्ये स्थापन झालेल्या 'मुष्टिफंड' या शिक्षणसंस्थेच्या नावातच मूठ आहे. घराघरांतून मूठमूठ तांदूळ काढून शिक्षणाचा खर्च भागवायचा, ही त्यामागची कल्पना. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळे महाराष्ट्रात एकेक पैसा गोळा करत होते. त्या 'पैसा फंडा'तून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला.

मराठी आणि कोकणी ख्रिस्ती समाजातही पहिलं पीक देवाला वाहण्याची परंपरा आहे. मुंबईतल्या ईस्ट इंडियन समाजाचा 'आगेरा' ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात. गोव्यात ऑगस्टमध्ये 'कणसांचें फेस्त' असतं. महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्यांमध्ये कापणीच्या सणाला शेतकरी धान्य, भाज्या, कोंबड्या आणतात. नंतर चर्चच्या आवारात त्यांचा लिलाव होतो आणि एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो.

आनंद कोणाचा आणि ओढाताण कोणाची?

या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक मराठी उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये सापडतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा हात देता होता. हातात आलेलं कोणाला तरी देऊन मोकळं व्हावं, असा त्यांचा स्वभाव. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. पण महिनाअखेर चूल पेटती ठेवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर होती. त्यांनी ते सगळं विनोदाने आणि मायेने लिहिलं, म्हणून त्यांची ओढाताण लपत नाही.

बुहफाई थममध्येही हा पेच आहे. मूठ काढते ती बाई. घरोघरी फिरून गोळा करतात त्याही बायका. पण मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये कित्येक दशकं पाळक किंवा मंडळीचे वडील म्हणून स्त्रियांना दीक्षा मिळत नव्हती. म्हणजे पैसा उभा करणारे हात एकीकडे आणि तो कुठे खर्च करायचा हे ठरवणारे दुसरीकडे. मिझो स्त्रियांनी आणि ईशान्येतल्या स्त्री धर्मअभ्यासकांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आहे.

दुसरा धोका गरिबांच्या बाजूने आहे. शुभवर्तमानात एका विधवेची गोष्ट येते. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक मोठ्या रकमा टाकतात आणि ती दोन लहानशी नाणी टाकते. येशू म्हणतो, हिने सगळ्यांहून जास्त दिलं, कारण तिच्याजवळ होतं तेवढं सगळं दिलं. वर्गणी मागताना ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या लगेच आधी काय आहे, हे पाहायला हवं. तिथे येशू विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर कडक टीका करतो. दोन्ही उतारे एकत्र वाचले, तर गोष्टीचा अर्थ फक्त 'तुम्हीही सगळं द्या' एवढाच उरत नाही.

तिसरा धोका सौदेबाजीचा. 'दिलंत तर शंभरपट मिळेल, नाही दिलंत तर आजार येईल' असं सांगून पैसे मागणारे उपदेशक मोबाइलच्या स्क्रीनवर रोज दिसतात. नफ्याच्या आशेने किंवा नुकसानीच्या भीतीने दिलेला पैसा ही गुंतवणूक झाली किंवा खंडणी. पौलाने वापरलेला 'आनंदाने' हा शब्द दोन्हींना लागू पडत नाही.

कराचं काय?

इथे एक गमतीदार तपशील आहे. आयकर कायद्यानुसार मिझोरममध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तिथे मिळवलेल्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. म्हणजे तिथल्या बहुतेक देणाऱ्यांच्या मनात 'करात सूट मिळेल' हा विचार असायचं कारणच नाही.

आपल्यासाठी याच कायद्यातला दानावरच्या सवलतीचा नियम असा, की सवलत फक्त पैशाच्या रूपातल्या दानावर मिळते आणि रोख दान २,००० रुपयांपर्यंतच धरलं जातं. धान्य, कपडे किंवा श्रम त्यात बसत नाहीत. एखाद्या विशिष्ट धर्माच्याच लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेलाही ही सवलत सहसा मिळत नाही. तांदळाच्या मुठीची पावती फाडता येत नाही, हे खरंच.

देण्याआधी स्वतःला आणि संस्थेला काय विचारावं?

धर्म कोणताही असो, मिझोरमच्या डब्यातून आणि पौलाच्या पत्रातून चार प्रश्न हाती लागतात.

१. मी आधी बाजूला काढतो, की उरलं तर देतो? रक्कम लहान असली तरी चालेल, वेळ ठरलेली असावी.

२. मी 'नाही' म्हणू शकतो का? नाव जाहीर होईल, लोक काय म्हणतील, काहीतरी वाईट होईल, या भीतीने देत असाल तर थांबा.

३. हिशेब दिसतो का? पैसे कोण मोजतं, किती जण मोजतात, वर्षाचा ताळेबंद सगळ्यांना पाहायला मिळतो का? हे विचारणं अविश्वास दाखवणं नव्हे. पैसे नेताना पौलानेसुद्धा तीन माणसं पाठवली होती.

४. माझ्या देण्याची किंमत घरातलं दुसरंच कोणी मोजतंय का? मूठ जिच्या हातून निघते, तिला त्या मुठीबद्दल बोलायचा हक्क आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर काट्यावर मोजता येत नाही. त्यासाठी आज रात्री जेवताना घरात विचारावं लागेल.